मदत हवी आहे: टीव्हीवरचा सिनेमा १९ मिनिटांनी लहान, कात्री नेमकी कुणाची?

संत्रेवाला_प्रेक्षक (धरमपेठ, नागपूर):
स्ट्रीमिंगवर सिनेमा १५० मिनिटांचा. टीव्हीवर रात्री ९ ते पावणेबारा लागला, जाहिराती वजा केल्या तर १३१ मिनिटं. थेटरात ‘ए’ होता, टीव्हीवर ‘यूए’ कार्ड आलं. शिव्या म्यूट, एक गाणं अर्ध्यात तोडलेलं. सेन्सॉरनं किती कापलं हे कसं ओळखायचं? आणि कॉलनीच्या गणपतीत कोणती प्रत दाखवावी? पोरंसोरं असतील.

कात्रीबाज:
भाऊ, १९ ची १९ मिनिटं सेन्सॉरच्या नावावर टाकू नका. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, आपला टीव्ही २५ चा. चॅनल त्याच फ्रेम २५ च्या वेगानं पळवतं, म्हणून १५० ची १४४ होतात आणि आवाजही किंचित वरच्या पट्टीत लागतो. ही ६ मिनिटं कुणीच कापलेली नाहीत.

उरली १३. दोन्ही प्रती लावा आणि ठळक संवादांच्या वेळा लिहून काढा. स्ट्रीमिंगवर १:००:०० ला असलेला संवाद टीव्हीवर (जाहिराती वगळून) ५७:३६ ला आला, तर तिथवर काहीच गेलेलं नाही. फरक हळूहळू वाढला तर तो वेगाचा. एकदम उडी मारली की तिथे कात्री.

आता कात्री कुणाची? ‘ए’ सिनेमा टीव्हीवर दाखवता येत नाही, म्हणून निर्माता स्वतःच दृश्यं काढून पुन्हा ‘यूए’ घेतो. कार्डावरचा नंबर बघा: थेटरचा डीआयएल असा सुरू होतो, व्हिडिओ प्रतीचा व्हीआयएल. मारामारी, शय्यादृश्यं बहुधा इथेच गेलेली असतात. गाण्याचं गणित मात्र वेगळं. तासाला १२ मिनिटं जाहिरातींची मर्यादा, म्हणजे सिनेमाला ४८. पावणेतीन तासांत १३२ मिनिटं बसतात, तुमची प्रत १३१ ची! १४४ ला पुरे तीन तास लागले असते. माझ्या मते गाणं वेळेपायी गेलं.

संत्रेवाला_प्रेक्षक:
बाप्पा! आणि काही दृश्यांत कडेचा माणूसच दिसत नाही, ते काऊन?

कात्रीबाज:
ते पडदा भरण्यासाठी. उंचीच्या २.३५ पट रुंद चित्र १.७८ पट रुंद टीव्हीत वर-खाली पट्ट्या न ठेवता कोंबलं की रुंदीचा जवळपास चौथा हिस्सा बाहेर जातो.

नियमवाली_ताई:
गणपतीत दोन्ही प्रती नकोत. टीव्हीसाठीचं प्रमाणपत्र टीव्हीपुरतं, मंडपाला चालत नाही. स्ट्रीमिंगवरचं ‘यू/ए १६+’ हे २०२१ च्या आयटी नियमांनुसार कंपनीनं स्वतः लावलेलं असतं. सेन्सॉरनंही आता ७+, १३+, १६+ असे गट केल्यानं लोकांची गल्लत होते. शिवाय स्ट्रीमिंगच्या घरगुती वर्गणीत जाहीर खेळ येत नाही. थेटरसाठी ‘यू’ मिळालेला सिनेमा निवडा, वितरकाकडून खेळाची लेखी परवानगी घ्या आणि फाइल त्यांच्याकडूनच मागवा.