आठवीतल्या पोरीले डिबेटच्या क्लासला घालू का?

दारव्ह्याची_आई
नमस्कार सगळ्यांना. माही मुलगी आठवीत आहे, गावातल्याच शाळेत. तालुक्याला एका कोचिंगवाल्यानं रविवारचा डिबेट क्लास काढला, तीन महिन्यांचे चार हजार, एसटीत अर्धं तिकीट लागते तरी जाणंयेणं वेगळंच. पोरगी मागंच लागली आहे. सासरे म्हणतात पोरीले तोंड चालवणं शिकवाले पैसे देता काय. त्यांचं ते मले पटत नाही, पण पैशाचं पटते, सोयाबीन पाण्यात गेलं अन् कापसाचा पहिला वेचा आत्ता कुठं घरी आला.

मले हे काहून वाटते ते सांगते. मागच्या ग्रामसभेत नळाच्या पाण्याचा विषय होता, आमच्या आळीत चौथ्या दिवशी पाणी येते. मी घरून सगळं ठरवून गेलती. उभी राहिली तर एक जण म्हणे ताई तुम्हाले यातलं काय समजते, अन् माह्या तोंडून शब्दच फुटला नाही, खाली बसली. रस्ताभर सगळी उत्तरं आठवत गेली. पोरीचं असं होऊ नये एवढंच. क्लासनं खरंच फरक पडते का?

खडू_आणि_फळा
ताई, मी जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे, अमरावती जिल्ह्यात. आधी एक विचारून घ्या की क्लासमध्ये डिबेट घेतात का भाषण पाठ करून घेतात. आपल्याकडं २६ जानेवारीला पोरं "आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग" पासून सुरू करतात अन् मास्तरानं लिहून दिलेलं दोन पानं धाडधाड म्हणून खाली उतरतात, मधात कोणी एक प्रश्न विचारला तर गाडी बंद. ते पाठांतर झालं. वादविवादात समोरचा काय बोलला ते ऐकून त्यालेच उत्तर द्यावं लागते, ते घरून लिहून आणताच येत नाही. तुमचं ग्रामसभेत जे झालं ना, ते याच्यामुळंच झालं, भाषण तयार होतं पण आडव्या प्रश्नाची सवय नव्हती.

मी शनिवारी दप्तराविना शाळा असते तेव्हा घेतो. तीन पोरं इकडं तीन तिकडं, अन् बाजू चिठ्ठी टाकून ठरते, हे सगळ्यात महत्त्वाचं. आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धेत एकेकाले आठ मिनिटं असतात, पहिलं अन् शेवटचं मिनिट सोडून मधात समोरचा उभा राहून प्रश्न विचारू शकते. आम्ही तीनच मिनिटं देतो अन् मधलं एक प्रश्नासाठी मोकळं. बोलण्याच्या आधी समोरच्याचा मुद्दा आपल्या शब्दात सांगायचा, तो "हो, हेच म्हणलं मी" म्हणाला की मगच आपलं सुरू करायचं. पहिले दोन महिने यातच गेले, कारण ऐकतच नाहीत पोरं, आपली पाळी कधी येते इकडंच लक्ष.

वेगळा विदर्भ व्हावा का हा विषय घेतला तेव्हा मजा आली. एका पोरानं १९५५ च्या राज्य पुनर्रचना आयोगानं वेगळ्या विदर्भाची शिफारस केलती हे शोधून आणलं, तर दुसऱ्या बाजूच्या पोरीनं विदर्भानं महाराष्ट्रासोबत यायचं ठरलं तो १९५३ चा नागपूर करार काढला. पोरगा घरी कट्टर वेगळा विदर्भवाला होता अन् पुढच्या फेरीत चिठ्ठी उलटी निघाली. रडकुंडीला आला, पण बोलला.

पूर्णाकाठचा
गुरुजींचं बरोबर आहे पण मी थोडं वेगळं सांगतो. आमच्या खारपाणपट्ट्यातल्या गावातून मी एकदा जिल्ह्याच्या स्पर्धेला गेलो होतो, नववीत. मुद्दे चांगले होते, पण बोलता बोलता "मले" निघालं अन् सभागृह हसलं, परीक्षकानं भाषेचे मार्क कापले. त्याच्यानंतर चार वर्षं मी स्टेजवर चढलो नाही. म्हणून ताई क्लास पाहताना हे नक्की पाहा की वऱ्हाडी बोललेलं तिथं चालते का. आधी आपल्या भाषेत मुद्देसूद बोलता आलं की प्रमाण मराठी नंतर येते, उलटं केलं तर पोरगी गप्प होईल. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्या लोकांनाच प्रश्न विचारत अन् त्यांच्याकडूनच उत्तर काढत, अन् तेही आपल्याच बोलीत.

कास्तकार_वाशीम
मी विरोधात बोलतो, राग मानू नका. आमच्या गावात सहावीतल्या पोराले एक परिच्छेद धड वाचता येत नाही, अन् वेचणी लागली की अर्धा वर्ग वावरात. तिथं चार हजार डिबेटवर? त्या पैशात पुस्तकं येतात.

खडू_आणि_फळा
भाऊ, राग कायचा. वाचन नसलं तर वाद कोरडाच होते, म्हणून विषय दिला की आठ दिवस वाचायलेच देतो. उलट ज्या पोराले धडा वाच म्हणलं तर पळते ते "कपाशी लावावी का सोयाबीन" यासाठी पेपरातले भाव वाचून आलं, बीटी कपाशीले २००२ मध्ये परवानगी मिळाली तिथपासून माहिती काढली. अन् हे श्रीमंताच्या पोरांचं काम नव्हं. संविधान सभेत मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या, २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, एकेका शब्दावर वाद झाला. त्या सभेत आपले पापळचे पंजाबराव देशमुख होते, शेतकऱ्याच्या घरचे. पैशाचं मात्र तुमचं खरं आहे. ताई, आधी शाळेतच विचारा, शनिवारचा एक तास, खर्च शून्य.

मेंढा_पाहून_आलेली
गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाले अभ्यासगट आहे, गावातले लोक बसून विषय समजून घेतात अन् ग्रामसभेत सगळ्यांचं एकमत होईपर्यंत चर्चा चालते, मतदानानं कोणाले हरवत नाहीत. शाळेतल्या वादातही कोण जिंकलं कोण हरलं असा निकाल लावूच नका, असं माझं मत.

दारव्ह्याची_आई
सगळ्यांचे आभार. क्लासमध्ये जाऊन विचारलं, ते भाषणं लिहून देतात म्हणे, म्हणून तूर्त थांबली. शाळेतल्या मॅडम शनिवारसाठी तयार झाल्या. काल घरीच करून पाहिलं, पोरगी अन् तिचा भाऊ, विषय वेचणीच्या दिवसांत शाळेले सुट्टी द्यावी का. चिठ्ठीत तिले सुट्टी द्यावी हे निघालं, तिले स्वतःले ते पटत नाही. सासरे बाजेवर पडून ऐकत होते. पोरगा मधातच ओरडाले लागला तर उठून बसले अन् म्हणे थांब, तिचं पुरं होऊ दे, ते मजुरीचं काय म्हणून रायली ते मले ऐकू दे.