जर्मनीतलं पीआर, पासपोर्ट आणि आपण : अनुभव लिहा

मंडळी, जर्मनीत कुठल्याही गावातल्या मराठी मंडळाच्या गणपतीला जा, जेवणाच्या रांगेत दोनच विषय असतात, टॅक्स क्लास (पगारातून किती कर कापायचा तो गट) आणि "तुम्ही पासपोर्ट घेतलात का?". २७ जून २०२४ पासून नवीन नागरिकत्व कायदा लागू झाला, आठ वर्षं राहण्याची अट पाचवर आली आणि जर्मनीने दुहेरी नागरिकत्वाला आडकाठी करणं सोडलं, तेव्हापासून तर जास्तच. आता आपल्याला त्या दुहेरीचा काडीचा उपयोग नाही ही गोष्ट वेगळी, कारण आपल्याकडे १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात कलम ९ आहे, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की भारताचं आपोआप जातं. माझा तुर्की शेजारी दोन्ही पासपोर्ट बाळगून आहे, आपण एक ठेवून दुसरा घ्यायचा.

नियम काय सगळ्यांना सापडतात. मला हवेत ते अनुभव. कुठल्या रस्त्याने आलात, पीआर (कायमचं राहायचा परवाना) कसं मिळालं, पुढे जर्मन पासपोर्ट घेतला की नाही आणि का. नसेल घेतला तर ते आधी लिहा. वर आपलं टोपणनाव टाका, खाली अनुभव. कन्सल्टंट लोकांनी कृपया लांब राहावं.

सुरुवात मीच करते. मी ब्लू कार्डवर (डिग्रीवाल्या नोकरदारांचा परवाना) आले. ब्लू कार्ड असेल आणि बी१ पातळीचं जर्मन असेल तर २१ महिन्यांत पीआर मिळतं, त्याखालच्या ए१ वर २७ महिने. मी बी१ आधीच करून ठेवलं होतं त्यामुळे पीआर लवकर झालं आणि मग मी कितीतरी दिवस नागरिकत्वाचा विचारच केला नाही, कारण पीआरवर सगळं चालतं ना, नोकरी बदला, घर घ्या, कोणाला विचारायचं नाही. फक्त मत देता येत नाही आणि लंडनला ऑफिसच्या कामाला जायचं तर बाकीची टीम शुक्रवारी ठरवते नि सोमवारी निघते, मी मात्र बँक स्टेटमेंट घेऊन व्हिसाच्या लाईनीत. शेवटी या व्हिसालाच वैतागून नागरिकत्वाचा अर्ज केला, उगाच भावनिक कारण सांगत नाही.

खडकवासला

माझं थोडं उलटं आहे. मी जर्मन पासपोर्ट घेतला तो भारतात परत जाता यावं म्हणून. हसू नका, सांगतो.

मास्टर्सला आलो, ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे खर्चाचे पैसे आधीच बँकेत अडकवून ठेवणं, वगैरे सगळं केलं (तेव्हा रक्कम बरीच कमी होती, आता वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात म्हणे), डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो तो घेतला, नोकरी लागली, ब्लू कार्ड, पीआर. इथपर्यंत सगळ्यांसारखंच. मग पुण्यात आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, बाबांचं वय, आणि बहीण ऑस्ट्रेलियात. मला दोन-तीन वर्षं तरी पुण्यात राहायचं होतं. आणि पीआरची गंमत अशी की नाव कायमस्वरूपी, पण सहा महिन्यांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिलात की संपतं, अजून ब्लू कार्डवरच असाल तर बारा महिन्यांची मुभा आहे. म्हणजे इतकी वर्षं भरलेला पेन्शन फंड, शिकलेली भाषा, सगळं असून आई-वडिलांकडे दीड वर्ष राहिलो की परत पहिल्यापासून व्हिसा. नागरिकत्व असेल तर असं काही नाही, दहा वर्षं बाहेर राहा. आणि भारताच्या बाजूला ओसीआय आहे, आयुष्यभराचा व्हिसा, राहायला आणि काम करायला चालतं. म्हणजे हिशोब केला तर भारतीय पासपोर्ट ठेवून मी जर्मनीत अडकतो आणि तो सोडला की दोन्हीकडे मोकळा. विचित्र आहे पण आहे हे असं.

नागरिकत्वाच्या परीक्षेबद्दल लोक फार घाबरवतात. ३३ प्रश्न, एक तास, १७ बरोबर आले की पास, फी २५ युरो. एकूण ३१० प्रश्नांतूनच येतात, ३०० सगळ्या देशासाठी आणि १० तुमच्या राज्याचे, सगळे आधीच जाहीर आहेत. पहिला चॅन्सलर कोण, आडेनाउअर. बर्लिनची भिंत कधी बांधली, १९६१. ज्याने एमपीएससीची तयारी केलीय त्याला हे चहा पिता पिता होईल. खरा वेळ जातो तो अर्जाला. २५५ युरो भरायचे आणि वाट बघायची, शहराशहरात इतका फरक आहे की काही जणांचं चार-सहा महिन्यांत होतं आणि काहींचं दोन वर्षं पोचपावतीच्या पुढे सरकत नाही. माझी फाईल ज्या माणसाकडे होती तो बदलून गेला, नवीन बाई आल्या, त्यांनी पुन्हा तीच पेस्लिप मागितली. तीन महिन्यांत निर्णय नाही तर कोर्टात दावा टाकता येतो, आमच्या ग्रुपमधल्या दोघांनी वकिलाकडून टाकला आणि फाईल लगेच हलली. मी नाही टाकला, स्वभाव.

सर्टिफिकेट हातात देण्याआधी एक वाक्य मोठ्याने म्हणायला लावतात, मी घटनेचा आणि कायद्यांचा मान राखीन, देशाला अपाय होईल असं काही करणार नाही, अशा अर्थाचं. टेबलापलीकडच्या बाईंनी छापलेला कागद पुढे सरकवला, मी वाचलं, त्यांनी हात मिळवला आणि म्हणाल्या पार्किंगचं तिकीट खाली मशीनवर शिक्का मारून घ्या. झालं.

माहेरवाशीण

पासपोर्टपेक्षा मला नावाचं जास्त सांगायचंय कारण यावर कोणी लिहीत नाही. आपल्याकडे लग्नानंतर पासपोर्टवर गिव्हन नेम मध्ये आपलं नाव नि नवऱ्याचं नाव एकापुढे एक येतं. इथे ते दोन्ही माझी नावं समजतात. त्यामुळे हेल्थ इन्शुरन्सपासून मुलाच्या किटापर्यंत (म्हणजे पाळणाघर) सगळीकडे माझं दुसरं नाव नवऱ्याचं. डॉक्टरकडे वेटिंग रूममध्ये एकदा पूर्ण नावाने हाक मारली तर नवराच उठून उभा राहिला!

ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला ए१ ची अट नाही आणि आल्या दिवसापासून काम करता येतं, म्हणून मी भाषेशिवायच आले. मग इंटिग्रेशन कोर्स केला, ६०० तास भाषा आणि १०० तास इतिहास-कायदा. वर्गात सीरियाची एक आजी, युक्रेनच्या तिघी, ब्राझीलचा एक शेफ. जर्मन तिथेच शिकले, ऑफिसात कोण बोलतंय जर्मन. नागरिकत्व मिळाल्यावर जर्मन कायद्याप्रमाणे नाव जुळवून घ्यायची सोय असते, स्टांडेसआम्टमध्ये (जन्म-लग्नाच्या नोंदीचं ऑफिस) जाऊन सांगायचं. मी नवऱ्याचं नाव काढून टाकलं. सासूबाईंना अजून सांगितलं नाहीये.

बांधावरचा

आम्ही पीआरवरच थांबलोय आणि थांबणार. सांगोल्याकडे जमीन आहे, डाळिंब आहे. ओसीआयला शेतजमीन विकत घेता येत नाही, मळा-फार्महाऊस पण नाही. वारसाने मिळते ते ठीक, पण मला शेजारची चार एकर घ्यायची आहे उद्या निघाली तर. मत पण देतो मी, दर वेळी तिकीट काढून जातो. बायको म्हणते वेडा आहेस.

तिस्क

मी धाग्यात बसतो की नाही माहीत नाही पण लिहितो. मी पेडण्याचा, राहतो ड्युसेलडॉर्फजवळ, आणि माझ्याकडे ना ब्लू कार्ड ना पीआर. पोर्तुगीज पासपोर्ट आहे. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढीला पोर्तुगाल आपलं मानतं, अट एवढीच की जन्माची नोंद लिस्बनला व्हायला हवी. बाबांचा जन्म ५८ चा. आधी त्यांची नोंद, मग त्यावर माझी. भाषेची परीक्षा नाही, मला पोर्तुगीज "ओब्रिगाद" च्या पुढे येत नाही. कठीण काम म्हणजे जुना दाखला. पोर्तुगीज अमदानीतलं हाताने लिहिलेलं रजिस्टर, त्यात आजोबांचं नाव एका तऱ्हेने, लग्नाच्या नोंदीत दुसऱ्या, शाळेच्या दाखल्यावर तिसऱ्या. ते सगळं एक माणूस आहे हे सिद्ध करायला वकील, अफिडेव्हिट, भाषांतर. पोर्तुगाल मी एकदाच बघितला, पर्यटक म्हणून.

युरोपियन पासपोर्ट असल्यामुळे जर्मनीत आलो, घराचा पत्ता नोंदवला आणि कामाला लागलो, परदेशी लोकांच्या ऑफिसचं तोंडही बघितलं नाही. इथले मित्र यावर जाम चिडतात. :) माझे दोन चुलतभाऊ इंग्लंडात स्विंडनला आहेत, ब्रेक्झिटची मुदत ३१ डिसेंबर २०२० ला संपायच्या आत जे पोचले ते राहिले, त्यानंतरच्यांना तो रस्ता बंद, म्हणून मी इकडे. भारतीय पासपोर्ट मात्र आम्हालाही परत करावाच लागतो. गोव्यात या पासपोर्टवरून गावात टोमणे असतात, मुक्तीसाठी लोक तुरुंगात गेले आणि तुम्ही परत त्यांचेच कागद घेऊन आलात म्हणून. खुद्द माझा मामा बोलतो. बोलतो आणि स्वतःच्या मुलासाठी कुठला वकील बघू ते पण विचारतो.

मिरज जंक्शन

इथे सगळे आयटीवाले दिसतायत म्हणून नर्सिंगचं लिहिते. बी२ पुण्यात केलं, नोकरी सोडून, कारण रात्रपाळी करून डेर-डी-डास (शब्दांची लिंगं) डोक्यात जात नाही. इथे आल्यावर लगेच नर्स म्हणून घेत नाहीत, आपली डिग्री मान्य व्हायला आधी अ‍ॅडाप्टेशनचा कोर्स किंवा परीक्षा, तोपर्यंत पगार पण हेल्परचा. ते झाल्यावर परवाना बदलतो आणि मग तीन वर्षांनी पीआर, त्यासाठी ३६ महिने पेन्शन भरलेली लागते. माझं पीआर झालंय, नागरिकत्वाचा अर्ज भरलाय. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्गशी करार केला तेव्हापासून गावाकडून रोज फोन येतात, ताई तिकडे कसं यायचं. मी सांगते की बाबांनो भाषा, भाषा आणि भाषा. पेशंट ऐंशी वर्षांच्या आजी असतात, त्या स्वाबियन ही तिकडची बोली बोलतात, ते जर्मन माणसालाही कळत नाही. पहिल्या महिन्यात मी फक्त माना डोलावल्या.

दुधावरची साय

आमच्याकडे आई-बाप भारतीय आणि लेक जर्मन. आई-वडिलांपैकी एकाची पाच वर्षं कायदेशीर वास्तव्याची झाली असतील आणि पीआर असेल तर इथे जन्मलेलं मूल जन्मतःच जर्मन. पूर्वी यालाही आठ वर्षं लागायची. आम्ही अर्जही केला नाही, जन्मदाखल्याबरोबरच कळलं. मग पंधरा महिन्यांच्या पोरीला आजीकडे नाशिकला न्यायला व्हिसा! ओसीआय व्हायला वेळ होता म्हणून साध्या व्हिसावर नेली. इमिग्रेशनला आमची रांग वेगळी, तिची वेगळी, आणि ती माझ्या कडेवर. अधिकारी भला होता, सगळ्यांना एकत्र घेतलं.

आठवडी बाजार

एक प्रश्न. आई-वडिलांना इकडे कायमचं आणता येतं का? कोणी केलंय का?

खडकवासला

येतं, पण फक्त ज्यांना कामाचा परवाना १ मार्च २०२४ किंवा त्यानंतर पहिल्यांदा मिळाला त्यांनाच. सासू-सासरेही चालतात. माझ्यासारखे जुने त्यात बसत नाहीत, नाहीतर एवढा खटाटोप केला नसता. ज्यांनी प्रयत्न केलाय ते सांगतात की व्हिसापेक्षा हेल्थ इन्शुरन्सला अडतं, सत्तरीच्या माणसाला सरकारी विमा घेत नाही आणि खाजगीवाले बीपी-शुगर ऐकून एकतर नाही म्हणतात किंवा पगार संपेल असा हप्ता सांगतात.

तेंडोली

सी१ करून तीन वर्षांत पासपोर्ट मिळायचा ती स्कीम अजून आहे का हो? मी त्यासाठी क्लास लावलाय.

माहेरवाशीण

गेली, ऑक्टोबर २०२५ मध्ये काढून टाकली. पाच वर्षं राहिलंय फक्त. क्लास सोडू नकोस पण, नोकरीला उपयोग होतो.

शिळोप्याच्या गप्पा

वर बांधावरचा यांनी जमिनीचं लिहिलंय त्यात थोडी भर. मी नागरिकत्व घेतलं तेव्हा वडिलोपार्जित जमिनीत माझा हिस्सा होता, तो तसाच राहिला, कोणी काढून घेत नाही. विकायची मात्र भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. पण त्याआधी घरी सातबारा काढून बघा, आमच्याकडे आजोबा जाऊन कितीतरी वर्षं झाली तरी वारसनोंद लागलीच नव्हती, तलाठ्याकडे खेपा घातल्या त्या आधी भारतीय पासपोर्टवर असतानाच घालून घेतल्या, नंतर प्रत्येक कागदाबरोबर ओसीआयची झेरॉक्स आणि "हे काय असतं साहेब" चं उत्तर द्यायला लागतं. आणि सरेंडर सर्टिफिकेट (भारतीय पासपोर्ट सोडल्याचा दाखला) मिळाल्याशिवाय ओसीआयचा अर्ज घेत नाहीत, तेव्हा जुना पासपोर्ट कपाटात शोधून ठेवा, रद्दचा शिक्का मारून तो परत देतात.