मदत हवी आहे: हापूसच्या पानांतून डीएनए निघतो, पण पीसीआर चालत नाही

कातळपायवाट:
नमस्कार मंडळी, एमएस्सी बायोटेकच्या शेवटच्या सेमला आहे. देवगड आणि रत्नागिरीकडच्या हापूस झाडांमध्ये एसएसआर मार्करने (डीएनएमध्ये पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांच्या खुणांनी) काही फरक दिसतो का, हा प्रोजेक्ट. पण पहिल्याच पायरीला अडकलोय.

पद्धत नेहमीचीच, पान लिक्विड नायट्रोजनमध्ये कुटायचं, 65 डिग्रीला गरम केलेल्या 2 टक्के सीटॅब (पेशी फोडणारं डिटर्जंट) बफरमध्ये टाकून तासभर वॉटर बाथ, मग क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल 24:1, सेंट्रीफ्यूज, वरचा थर उचलून थंडगार आयसोप्रोपेनॉल, 70 टक्के इथेनॉलने धुणं आणि शेवटी टीई बफरमध्ये विरघळवणं. पेलेट (तळाशी बसलेला डीएनएचा गोळा) चांगला जाडजूड येतो, पण तपकिरी, आणि विरघळवल्यावर टिपमधून सोडताना एकतारी पाकासारखी तार धरतो. 260/280 (260 आणि 280 नॅनोमीटरला किती उजेड शोषला जातो त्याचं गुणोत्तर) आहे 1.78, म्हणजे ठीकच ना? तरी पीसीआरमध्ये (डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या प्रती वाढवतो ते) एकही बँड, म्हणजे जेलवरची डीएनएची पट्टी, नाही, पॉझिटिव्ह कंट्रोल (चालतोच हे माहीत असलेला नमुना) मात्र मस्त चालतो. सर म्हणतात परत कर. परत काय करू तेच कळत नाहीये, प्लीज मदत करा.

गुणसूत्रधार:
260/230 किती ते लिहिलंच नाहीस? आणि पान जून का कोवळं?

कातळपायवाट:
260/230 0.6. पानं जून, गडद हिरवी, मोठी होती म्हणून तीच घेतली.

मायटोकाकू:
अरे मग तिथेच उत्तर आहे. 260/280 बघून प्रोटीनचा साधारण अंदाज येतो, तुझा त्रास वेगळाय. 230 ला साखरेच्या लांब साखळ्या, फिनॉल वगैरे उजेड शोषतात, तिथे 2 च्या आसपास यायला हवं. तार धरतंय ती साखर, तपकिरी रंग पॉलिफिनॉलचा, आणि दोन्ही टॅक पॉलिमरेजला (पीसीआरमध्ये प्रती बनवणारं एन्झाइम) काम करू देत नाहीत. पान फुटलं की फिनॉलला हवा लागते, ते ऑक्सिडाइझ होऊन डीएनएला असं चिकटतं की नंतर कितीही धू, निघत नाही. म्हणून जे करायचं ते पहिल्याच ट्यूबमध्ये. बफरमध्ये 2 टक्के पीव्हीपी घाल, ते फिनॉलला धरून ठेवतं, आणि ऑक्सिडेशन रोखणारं बीटा-मरकॅप्टोइथेनॉल ऐनवेळी घाल, आठवड्यापूर्वीच्या बफरवर विसंबू नकोस (फ्यूम हूडमध्ये रे बाबा, नाहीतर अख्खा मजला शिव्या घालेल). मीठ 1.4 मोलरवरून 2.5 पर्यंत ने, म्हणजे आयसोप्रोपेनॉल घातल्यावर साखर बरीचशी वरच राहते. पालवीचा तांबूसपणा जाऊन नुकतं पोपटी झालेलं मऊ पान घे.

टिपटॉप:
एवढी डोकेफोड कशाला, सरळ प्लांट किट घ्या, तासाभरात काम होतं.

मायटोकाकू:
@टिपटॉप किटचे पैसे कोण देणार, सर? आणि असला चिकट लायसेट (फोडलेल्या पेशींचा द्रव) किटच्या गाळणीसारख्या कॉलममध्ये ओतला तर कॉलमच तुंबतो.

गुणसूत्रधार:
काकूंशी सहमत. त्याआधी फुकटातली टेस्ट करून बघ, आहे तोच डीएनए 1:10 आणि 1:50 डायल्यूट करून पीसीआर लाव. पातळ केल्यावर बँड आला तर इनहिबिटर (पीसीआर अडवणारं काहीतरी) नक्की. आणि 0.8 टक्के अगरोज जेलवर पळवून बघ, नॅनोड्रॉपच्या (डीएनए मोजायचं यंत्र) आकड्यात आरएनए आणि फिनॉलही मोजले जातात, खरा डीएनए बराच कमी असू शकतो. खाली पुसट धूर दिसला तर बहुतेक आरएनए, आरएनेज (आरएनए तोडणारं एन्झाइम) दे. डीएनए जेलच्या विहिरीतच (नमुना भरतो त्या खाचेत) चमकत बसला तर साखर अडवतेय.

अवांतर: लिक्विड नायट्रोजन संपला की जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारायचं, कृत्रिम रेतनासाठी त्यांच्याकडे कंटेनर असतो. आमचं काम कितीदा त्यावर भागलंय.

कातळपायवाट:
1:50 ला बँड आला!!! फिका आहे पण आहे. जेलवर मात्र निम्मं विहिरीतच बसलंय. काकू, पीव्हीपी मागवलंय. सीटॅबच्या आधी सॉर्बिटॉलने धुवा असंही कुठेतरी वाचलं, करू का?

मायटोकाकू:
कर कर, आंब्याला तर कराच. 0.35 मोलर सॉर्बिटॉलच्या बफरमध्येही पीव्हीपी आणि मरकॅप्टो हवं. कुटलेली पूड त्यात हलवून सेंट्रीफ्यूज कर आणि वरचं फेकून दे. पेशीतलं केंद्रक अजून फुटलेलं नसतं त्यामुळे डीएनए खाली गाळातच राहतो. वरचं पाणी बुळबुळीत असेपर्यंत परत धू.

रायवळप्रेमी:
एक शंका, हापूस कलमावरच वाढवतात ना, म्हणजे झाडं जवळजवळ क्लोनच. देवगड आणि रत्नागिरीत एसएसआरने फरक दिसलाच नाही तर? दोन-चार रायवळ आणि एखादा केसर सोबत घे, म्हणजे प्रायमर (पीसीआरमध्ये कुठला तुकडा वाढवायचा ते ठरवणारे छोटे डीएनए) फरक दाखवू शकतात एवढं तरी व्हायव्हाला सांगता येईल.

कातळपायवाट:
हे सरांना विचारायलाच हवं. रायवळ आमच्या परसातच आहेत, उद्या पानं काढतो.