गिअरचा दांडा सैल पडला, लिंकेज तुटलं : तुमचे अनुभव सांगा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात गाडी चालवणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा. लिंकेज म्हणजे गिअरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी केबल किंवा सळ्यांची जोडणी. चालता चालता गिअरचा दांडा ताकातल्या रवीसारखा मोकळा फिरायला लागतो आणि गाडी कुठल्याच गिअरमध्ये पडत नाही. पहिला विचार येतो, गिअरबॉक्स गेला. माझ्या भावाला एका गॅरेजात गिअरबॉक्स उतरवायचा सल्ला मिळाला होता. दुसऱ्या मेस्त्रींनी बॉनेट उघडून केबलच्या टोकाचं फुटलेलं बुश, म्हणजे सांध्यात बसणारं छोटं कडं, दाखवलं. गिअरबॉक्स ठणठणीत होता. असं किती जणांचं झालं असेल, म्हणून विचारतोय. कुठं अडकलात, काय तुटलं होतं, वेळ कशी मारून नेली, सुटा भाग कुठं मिळाला, सगळं लिहा.

खानापूर तालुका, गोव्याला भाजी नेणारा

चोर्ला घाट चढून कणकुंबीच्या पुढं आलो आणि दांडा हातात नुसता लोळायला लागला. पाऊस असा की समोरचं दिसत नव्हतं. पहिल्यांदा दोन्ही मागच्या चाकांना दगड लावले. लिंकेज तुटलं की गाडी गिअरमध्ये टाकून उभी करता येत नाही, सगळा भार एकट्या हँडब्रेकवर येतो, हे घाटात विसरू नका.

आमच्या गाडीत दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत दोन केबल जातात. एक डावी-उजवी बाजू निवडते, दुसरी पुढं-मागं ढकलते. पुढं-मागंवाली केबल गिअरबॉक्सवरच्या आर्मच्या (बाहेरच्या छोट्या दांडीच्या) गोळीवरून निसटली होती. इंजिन बंद केलं, बरोबरच्या पोराला क्लच दाबून धरायला सांगितलं आणि गिअरबॉक्सवरचा आर्म हातानं ढकलून दुसरा गिअर पाडला. मग क्लच दाबूनच स्टार्टर मारला आणि दुसऱ्यावरच हळूहळू जांबोटीपर्यंत आलो. तिथं एकानं केबलचं टोक गोळीवर बसवून बारीक तारेनं आवळून दिलं. बेळगावात पोचेपर्यंत तेवढ्यावर निभावलं. तार हा फक्त गॅरेजपर्यंतचा उपाय आहे. ती झिजते आणि नेमकी ओव्हरटेक करताना सुटू शकते.

बॉनेटमध्ये हात घालणार असाल तर चावी काढून खिशात ठेवा. काही गाड्यांचा रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप सुरू होतो.

वडगाव, शिक्षिका

माझ्या गाडीत तिसरा आणि चौथा पडायचा. पहिला, दुसरा, पाचवा, रिव्हर्स काही नाही. मला वाटलं, आत काहीतरी मोठं मोडलं. आमच्या गल्लीतले मेस्त्री म्हणाले, "टीचर, घाबरू नका वो. बाजू निवडायची केबल निसटली की गिअरबॉक्समधली स्प्रिंग सगळं मधल्या ओळीत आणून ठेवते. तुम्हाला तीन-चारच मिळणार." बहुतेक गाड्यांत असंच असतं, असंही त्यांनी सांगितलं. दांडा नुसता सैल आहे एवढंच न सांगता कोणते गिअर पडतात आणि कोणते नाही हे सांगितलं, तर निम्मं निदान तिथंच होतं. केबल बदलावी लागली, कारण त्या मॉडेलचं बुश एकटं विकायला येत नाही.

उद्यमबाग, टर्नर

वरच्या ताईंनी लिहिलंय ते रोज ऐकतो. बुश एकटं मिळत नाही, पुरी केबल घ्या. केबल चांगली असेल, वरचं रबरी बूट फाटलेलं नसेल, आत दोर मोकळा सरकत असेल, तर फक्त बुशसाठी ती टाकून देणं जिवावर येतं. म्हणून लोक आमच्याकडं लेथवर बुश करून घ्यायला येतात. उद्यमबागेत पंपांचे, हायड्रॉलिकचे, गाड्यांचे भाग करणारी एवढी वर्कशॉपं आहेत, एक बुश करून द्यायला कोणी नाही म्हणत नाही. पण काही गोष्टी नीट सांगतो, कारण चुकीचं बुश घालून माणूस पुन्हा रस्त्यात अडकलेला मला बघवत नाही.

पितळेचं करून द्या म्हणून हट्ट धरू नका. पितळ तुटत नाही हे खरं, पण इंजिनाची सगळी थरथर दांड्यात येते, खडखड सुरू होते, आणि घासून घासून गोळीच खराब होते. ती गोळी आर्मवर बसवलेली असते, मग आर्मच बदलावा लागतो. साध्या नायलॉनचं बुश स्वस्त पडतं, पण नायलॉन पाणी पितो आणि फुगतो. आपल्या खानापूर-जांबोटीच्या पावसात ते घट्ट होतं आणि दांडा जड येतो. मी डेलरिन नावाचं कडक प्लॅस्टिक वापरतो. ते फारसं पाणी शोषत नाही आणि घसरतंही छान.

माप घेताना जुन्या बुशवरून घेऊ नये, ते झिजलेलं असतं. गोळीला व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावायचा. गोळी एका बाजूनं चपटी झालीय का हेही तेव्हाच कळतं. बुशच्या तोंडाला आतून थोडी कड ठेवून चार काप द्यायचे, म्हणजे गोळीवर दाबलं की ते टक करून बसतं आणि ओढल्याशिवाय निघत नाही. हे काप दिले नाहीत तर बुश बसवताना हातोडा मारावा लागतो, आणि हातोडा मारला की ते तिथंच तडकलं समजा. शक्य असेल तर केबलचं टोक आणि आर्म दोन्ही घेऊन या.

निपाणी, जुना टॅक्सीवाला

आमच्या टायमाला केबल नव्हती वो. अँबॅसिडरचा गिअर ष्टेरिंगखाली, दांड्यापासून खाली सळ्या जायच्या गिअरबॉक्सच्या आर्मला. बुश झिजली की गिअर बदलताना दोन्ही आर्म एकदम अडकायचे. गाडी पुढं न्हाई, मागं न्हाई. तवंदी घाटात मागं ट्रकांची रांग लागायची. बॉनेट उघडायचं, दोन्ही आर्म हातानं न्यूट्रलला आणायचे, पुन्हा बसायचं. पाशिंजरांना वाटायचं जादू केली. पण मी सांगतो बघा, ज्या ड्रायव्हरनं सर्व्हिसिंगला त्या सांध्यांना ग्रीस मारलं, त्याची गाडी कधी अडकली न्हाई. आता पोरं दांडा चालतोय तोवर खाली वाकून बघत न्हाईत, याचं वाईट वाटतं.

अथणी

बोलेरो. दांडा थेट गिअरबॉक्सवरच बसतो, मधे लिंकेज नाही. खालची नायलॉनची वाटी झिजली होती. वरचं कव्हर काढून बदलली, काम झालं.

नंदगड, जुनी मारुती ८००

या गाडीचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पण आमच्याकडं शेताला जायला अजून आहे. हिला केबल नसून खालून रॉड जातात. एक रॉड फिरतो आणि सरकतो, गिअर तो पाडतो. दुसरा दांड्याची बैठक गिअरबॉक्सशी बांधून ठेवतो, म्हणजे इंजिन हललं तरी दांडा जागेवर राहतो. दुसऱ्याचं रबर गेलं होतं. लोक पहिल्याचंच बुश बदलत बसतात आणि ढिलाई तशीच राहते. दोन्ही बघा. रॉड सोडण्याआधी क्लँपवर खडूनं खूण करा. आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली झोपू नका, घोडी (लोखंडी स्टँड) लावा. हे मी हात जोडून सांगतो.

धागा काढणारा

सगळ्यांचे मनापासून आभार. एक विचारतो, दोष लिंकेजचा की क्लचचा हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

शहापूर, मेस्त्री

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद असताना सगळे छान पडतात आणि चालू केल्यावर अडतात, तर आधी क्लच बघा, तो पूर्ण सुटत नाही. बंद असतानाही पडत नसतील तर बॉनेट उघडा आणि एकाला आत बसवून दांडा हलवायला सांगा. दांडा हलतो पण गिअरबॉक्सवरचा आर्म हलत नाही, तर लिंकेज. आर्म पुरा हलतो तरी गिअर पडत नाही, तेव्हाच गिअरबॉक्स उघडायचा विषय.

नवी केबल बसवल्यावर दांडा आणि आर्म दोन्ही न्यूट्रलला आणूनच सेटिंग आवळायचं. काही गाड्यांत त्यासाठी पिन घालायचं भोकच दिलेलं असतं. सेटिंग थोडं जरी सरकलं तरी गिअर अर्धा पडतो आणि चढावर बाहेर उडी मारतो, म्हणून आवळून झालं की रिव्हर्ससकट सगळे गिअर टाकून बघितल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. केबल मागताना फक्त गाडीचं नाव सांगू नका. त्याच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीची केबल बऱ्याचदा वेगळी असते. आरसी घेऊन जा, जुनी केबल बरोबर न्या आणि दुकानातच दोन्हींची लांबी आणि टोकं लावून बघा.