उघड्या टपाची गाडी आलिशान कशी?

प्रश्न
रोल्स-रॉइसच्या मूळ ‘सिल्व्हर घोस्ट’चे, म्हणजे १९०७ सालच्या ए-एक्स २०१ क्रमांकाच्या गाडीचे छायाचित्र पाहिले. बाजूंना काचा नाहीत आणि धूळ थेट प्रवाशांच्या अंगावर. अशा गाडीला लांब पल्ल्याची आलिशान गाडी कशाच्या आधारावर म्हणत असत? की हा केवळ किमतीचा मान?

प्रतिसाद १
गाद्या आणि रंग पाहून हे कोडे सुटणार नाही, कारण ते काम रोल्स-रॉइसचे नव्हतेच. कंपनी इंजिनासह चासी, म्हणजे गाडीचा चाकांवरचा सांगाडा, विकत असे आणि वरची बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिरांकडून बांधून घेई. या गाडीची बॉडी लंडनच्या बार्कर या पिढीजात बग्ग्या बांधणाऱ्या पेढीने केली. कंपनीचे सहसंस्थापक अभियंते हेन्री रॉइस यांची करामत चासीत होती. त्या काळच्या सहा सिलिंडरांच्या इंजिनात लांब क्रँकशाफ्टला, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या दांड्याला, पीळ बसून तो थरथरे, प्रसंगी तुटेही. रॉइस यांनी तो भक्कम केला, त्याला सात बेअरिंगांचा आधार दिला आणि तेल दाबाने पोहोचवले. सुमारे सात लिटरांचे हे इंजिन इतके शांत आणि संथ चाले की गिअर सारखे बदलावे लागत नसत, आणि त्या काळी गिअर बदलणे म्हणजे दातांची करकर ऐकणे. खरी चैन ती होती.

प्रतिसाद २
त्यात न थांबण्याची भर घाला. १९०७ मध्ये ही गाडी लंडन-ग्लासगो मार्गावर पुन्हा पुन्हा चालवण्यात आली. ६२९ मैलांवर पेट्रोलचा नळ हादऱ्याने बंद झाला. तेवढा खोळंबा सोडला तर पुढचे १४,३७१ मैल ती नाइलाजाने एकदाही थांबली नाही. नंतर ती खोलून तपासली, तेव्हा झिजलेले भाग बदलण्याचा खर्च दोन पौंड, दोन शिलिंग आणि सात पेन्स निघाला.

प्रतिसाद ३
आपल्याकडचा दाखला राहिला. १९०८ मध्ये मुंबई-कोल्हापूर अशा ६२० मैलांच्या चाचणीत, घाट चढत-उतरत, याच जातीची ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ धावली आणि पुढे ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतली.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मग गाडी सुरू करण्याचे काय? हँडलच ना?

प्रतिसाद १
होय, या मॉडेलला विजेचा स्टार्टर १९१९ मध्ये मिळाला. तोवर हँडल मारायला शोफर असे, आणि मालक मागे बसलेला असे.