पाहुणा मागच्या बाकावर बसतो आणि आशीर्वादाआधीच उठून जातो

मिशन कंपाउंड

सर्वांना सलाम. नाताळ होऊन तीन आठवडे झाले, पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही म्हणून मांडतो.

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, नगर जिल्ह्यातली, जुन्या मिशनच्या काळची. नाताळच्या सकाळी माझ्या शेजारी, मागच्या बाकावर, एक बाई आणि त्यांचा सहा-सात वर्षांचा मुलगा येऊन बसले. बाईंच्या कपाळाला टिकली, हातात एक पिशवी आणि पिशवीत दोघांच्या चपला. चर्चमध्ये चपला काढायच्या की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि दाराशी सांगणारं कोणी नव्हतं. गीताचा नंबर पुकारला, सगळ्यांनी आपापली पुस्तकं उघडली. त्यांच्याकडे पुस्तक नव्हतं. आम्ही उभे राहिलो की त्या जरा मागून उभ्या राहायच्या, बसलो की मागून बसायच्या.

प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत वाटल्या जाणाऱ्या भाकर-द्राक्षरसाला, लोक उठले तेव्हा प्रसाद असेल असं समजून त्याही मुलाला घेऊन पुढे गेल्या. कठड्याशी त्या मुलाने उजवा हात पुढे केला, त्याखाली डावा, घरी शिकवलेला असतो अगदी तसा. कमिटीतल्या एका ज्येष्ठांनी तो हात धरून बाजूला केला. "हे तुमच्यासाठी नाही," एवढंच म्हणाले. बाई मुलाला घेऊन तशाच मागे आल्या, पिशवी उचलली आणि आशीर्वाद व्हायच्या आत निघून गेल्या.

त्या ज्येष्ठांनी नियम मोडला असं मी म्हणत नाही. बाप्तिस्मा झालेल्यांनीच प्रभुभोजन घ्यायचं, हा आमचा नियमच आहे. पण तो त्या बाईंना आधी कोणी सांगितला? पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी नाही, कमिटीने नाही, आणि दीड तास शेजारी बसलेल्या मीही नाही.

आमच्या मासिक पत्रिकेचंही तसंच. ऑफिसातल्या एका मित्राने कुतूहलाने मागून नेली. परत देताना म्हणाला, "पहिलं पान दोनदा वाचलं, कळलं नाही." मी घरी येऊन त्याच्या डोळ्यांनी वाचलं. कृपासन, तारण, संगती, पुनरुत्थित प्रभूच्या नामात, ओझं येणं, साक्ष देणं. आम्हाला लहानपणापासून तोंडपाठ असलेले शब्द. शेवटच्या पानावर एक ओळ होती : "महिला मंडळाच्या भगिनींनी सरकारी दवाखान्यात भेट दिली. प्रार्थनेने सांगता झाली." या बायका दर गुरुवारी पेशंटच्या नातेवाइकांसाठी पन्नास-साठ माणसांची खिचडी घेऊन जातात, गेली कित्येक वर्षं. मित्राला ते वाचायला नक्की आवडलं असतं. आम्ही ते लिहिलंच नाही.

आणि हे कुठे, तर ज्या नगरला १८४२ साली 'ज्ञानोदय' हे मिशनचं नियतकालिक निघालं तिथे! त्या पत्राशी बाहेरचे वाचक भांडले, पण भांडायला आधी वाचावं लागतं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ख्रिस्ती नसलेल्या घरांतही प्रेमाने वाचली जातात, कारण बाई घरातल्या गोष्टी घरातल्या भाषेत सांगतात. तो वारसा आपला आहे. माझं मत स्पष्ट आहे : येणाऱ्याशी बोलणं आणि वाचणाऱ्याला कळेल असं लिहिणं हे पाळकाचं आणि मंडळीचं काम आहे, सवडीने करायची हौस नव्हे. तुम्हाला काय वाटतं?

सावध

तुमची तळमळ कळते. पण तुम्ही कोणत्या दिवसांत हे लिहिताय? आमच्या भागात एका घरात प्रार्थना चालू असताना वीस-पंचवीस जण दारात येऊन उभे राहिले. "बाहेरची माणसं का बोलावली?" हा पहिला प्रश्न. नंतर पोलीस ठाण्यात चार तास बसलो. बोलावलं कोणालाच नव्हतं, शेजारची आजी आपणहून आली होती.

घटनेच्या २५व्या कलमात धर्माचा प्रचार करण्याचा हक्क आहे, हे आपण सभांमधून सांगतो. पण १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की त्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. आणि आता कोणी नुसता चहा पाजला तरी त्याला आमिष म्हणतात. तुमचं चर्च शहरातलं, शंभर वर्षांची इमारत, सगळे ओळखतात. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये जमतो. नवीन माणूस आला की आमच्या पोटात आधी गोळा येतो. त्याला अनास्था म्हणू नका.

उपासना आधी

माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. उपासना ही देवाची. ती पाहुण्याला कशी वाटेल याचा विचार सुरू झाला की पाळकाचं लक्ष वेदीवरून उठून बाकांकडे जातं. काही ठिकाणी हे होऊन बसलंय : मोठे स्पीकर, पडद्यावर रंगीत दिवे, आणि उपदेश म्हणजे यशस्वी व्हायच्या युक्त्या. माणसं येतात, पण कशाला येतात?

आणि शब्दांबद्दल. 'तारण' हा शब्द काढून तुम्ही काय घालणार? 'सुटका' म्हटलं तर तुरुंगातून सुटल्यासारखं वाटतं. बाबा पदमनजींसारख्या जुन्या ख्रिस्ती लेखकांनी जन्म घालवून ही मराठी घडवली. ती आपल्या मित्राला दोन वाचनांत कळली नाही म्हणून टाकून द्यायची? ज्ञानेश्वरी तरी कुठे पहिल्या वाचनात कळते.

मिशन कंपाउंड

सावध, तुमच्याबद्दल हे मी लिहिलं नव्हतं, पण ते वाचताना तुम्हाला लागलं असेल तर माफ करा. पत्र्याच्या शेडचा मी विचारच केला नव्हता.

उपासना आधी, 'तारण' काढा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. ज्ञानेश्वरी कळत नाही म्हणूनच कीर्तनकार उभा राहतो ना? एक ओवी घेतो आणि तासभर उलगडतो, शेतातले, बाजारातले दाखले देतो. आपल्या नगरकडेच एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तनं सुरू झाली, ती याच कारणाने. शब्द राहू द्या, पण तो शब्द सोडवून सांगणारं कोणी तरी पाहिजे.

पेठेतली वाचक

मी ख्रिस्ती नाही. नाताळला कधी कधी चर्चमध्ये जाते, कारण समूहाने गायलेली गाणी मला आवडतात आणि तिथे शांत वाटतं. त्या बाईंच्या जागी मी असते तर मलाही भयंकर लाज वाटली असती.

पण दुसरी बाजूही ऐका. मागच्या वर्षी शहरातल्या एका चर्चमध्ये गेले. दारातच दोन मुली आल्या, नाव विचारलं, नंबर घेतला, पुढच्या बाकावर नेऊन बसवलं. नंतर पाळकांनी सगळ्यांसमोर "आज आपल्यात नवीन आलेल्यांनी उभं राहा" म्हटलं. टाळ्या. त्यानंतर पंधरा दिवस रोज सकाळी मोबाईलवर बायबलचं वचन. मी पुन्हा तिकडे गेले नाही. माणसं वाईट नव्हती, उलट फार प्रेमळ होती. पण मला कोणी तरी पकडतंय असं वाटत राहिलं.

मला काय हवं असतं सांगू? चपलांचं सांगा. पुस्तक हातात द्या, पान काढून द्या. कधी उभं राहायचं ते शेजारच्याने डोळ्यांनी खुणावलं तरी पुरे. मग मला बसू द्या. काही विचारावंसं वाटलं तर मी विचारीन, त्या वेळी मात्र सरळ उत्तर द्या.

निवृत्त पाळक

पेठेतल्या ताई, तुमचा शेवटचा परिच्छेद मी वहीत उतरवून घेतला.

एकतीस वर्षं पाळकी केली. एके काळी माझ्याकडे सहा गावं होती. सकाळी सातला पहिली उपासना, मोटरसायकलवर दुसरं गाव, तिथून तिसरं. आशीर्वाद देतानाच मनात पुढच्या गावाची वेळ. दारात थांबून हात मिळवायला पाच मिनिटं नसायची. तेव्हा सगळं पाळकावर टाकू नका, ही विनंती आहे. पाळक बदलून जातो, पण शेजारच्या बाकावरची माणसं तीच राहतात.

तरीही एक कबूल करतो. आम्हाला धर्मशिक्षणात उपदेश कसा बांधायचा ते शिकवलं : प्रस्तावना, तीन मुद्दे, समाप्ती. समोरच्याचं ऐकून कसं घ्यायचं हे कोणी शिकवलं नाही. ते मला एका म्हाताऱ्या वारकऱ्याने शिकवलं. दर बुधवारी आमच्या ओसरीवर येऊन बसायचे. मी पहिल्या दिवशी त्यांना बायबलमधला योहानाचा तिसरा अध्याय समजावला. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "साहेब, मी माझी गाय मेली ते सांगायला आलो होतो." त्या दिवसापासून मी आधी विचारायला शिकलो. ते शेवटपर्यंत वारकरीच राहिले, आणि मी त्यांच्या मयताला गेलो तेव्हा त्यांच्या मुलाने मला घरच्या माणसांत उभं केलं.

पत्रिकेविषयी मिशन कंपाउंड यांच्याशी पूर्ण सहमत. मी स्वतः वीस वर्षं ते पहिलं पान लिहिलं. शनिवारी रात्री, उपदेशातलंच उतरवून. खिचडीची बातमी पहिल्या पानावर यायला हवी होती.

वसईची वाडी

आम्ही कॅथलिक, तेव्हा आमचा अनुभव थोडा निराळा. माझी आजी सांगायची की तिच्या तरुणपणी मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, लॅटिनमध्ये व्हायची आणि बायका खाली बसून आपली रोझरी, म्हणजे जपमाळ, म्हणायच्या, कारण वेदीवरचं काहीच कळायचं नाही. रोमला भरलेल्या धर्मगुरूंच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६२ ते ६५ नंतर, लोकभाषा आली. मराठीत पहिल्यांदा मिस्सा ऐकली तेव्हा आजी रडली होती. तेव्हाही "पावित्र्य जाईल" म्हणणारे होतेच.

आणि वाचकांचं म्हणाल तर 'सुवार्ता' मासिक पाहा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो संपादक असताना त्यात वसईचं पाणी, जमिनी, गुंडगिरी, झाडं सगळं यायचं. हरित वसईच्या लढ्यात ते स्वतः रस्त्यावर होते. आमच्या शेजारचे आगरी काका अंक आमच्या आधी वाचायचे, कारण त्यात त्यांच्या विहिरीचा प्रश्न होता. २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून फादरांचं नाव आलं तेव्हा विरोध झाला, पण महाराष्ट्रातून त्यांच्या बाजूने बोलणारेही कितीतरी उभे राहिले. ते एका रात्रीत मिळालेले वाचक नव्हते.

उपासना आधी

वाडीताई, दिब्रिटोंविषयी आदर आहेच. पण विहिरीचा प्रश्न ग्रामपंचायतही मांडते. मंडळीने ख्रिस्त सांगायचा नाही तर कोणी सांगायचा? पाहुण्याला बरं वाटावं म्हणून आपण आपलं सांगणंच सोडून देऊ, ही माझी भीती आहे.

लक्ष्मीबाईंचे यजमान, रेव्हरंड ना. वा. टिळक, यांचंच घ्या. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला आणि बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले सगळे ख्रिस्तभक्त एकत्र बसवले. कल्पना मोठी होती. १९१९ मध्ये ते गेले आणि त्यांच्यामागे दरबार टिकला नाही. भिंती नसलेलं घर उभं राहत नाही.

मिशन कंपाउंड

दरबार टिकला नाही हे खरं. पण दोन वर्षांत माणूस गेला, त्या कल्पनेला वेळच कुठे मिळाला? आणि टिळकांनी ख्रिस्त सांगायचं सोडलं होतं असं तुम्हीही म्हणणार नाही. त्यांची गीतं आपण आजही गातो. मला भिंत पाडायची नाही, भिंतीला दार आहे का एवढंच विचारतोय.

येत्या रविवारी कमिटीची मीटिंग आहे. दाराशी दोन माणसं, गीताची दहा जादा पुस्तकं, आणि पत्रिकेचं पहिलं पान महिला मंडळाला, एवढं मांडणार आहे. अडलंय ते प्रभुभोजनाआधीच्या सूचनेवर. मी असं लिहिलंय : "ज्यांचा बाप्तिस्मा झाला आहे त्यांनीच पुढे यावं, बाकीच्यांनी जागेवर बसावं." कोणी सुधारून देईल का?

पेठेतली वाचक

'बाकीच्यांनी' नको. शाळेत वर्गाबाहेर काढल्यासारखं वाटतं.

निवृत्त पाळक

असं म्हणून पाहा : "आज जे आमचे पाहुणे म्हणून आले आहेत त्यांचं मनापासून स्वागत. यानंतरचं प्रभुभोजन बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी आहे. पाहुण्यांनी आपल्या जागी निवांत बसावं. ज्यांना आशीर्वाद हवा असेल त्यांनी हात छातीशी जोडून पुढे यावं, पाळक डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतील."

सावध

पाळकसाहेब, तुमच्या मनात काही नाही हे मला कळतं. पण टिकली लावलेल्या बाईच्या डोक्यावर हात ठेवलेला पाळक, असा फोटो कोणी काढला तर तो काय म्हणून फिरेल? त्या बाईंनाही त्रास होईल, तुम्हालाही. शेवटचं वाक्य काढा, हात जोडून विनंती.

निवृत्त पाळक

काढलं. लिहिताना हे मनात यायला हवं होतं. वाईट वाटतं, पण काढलं.

उपासना आधी

राहिलेल्या तीन वाक्यांना माझी हरकत नाही. ती उपदेशाच्या आधी सांगा, भोजनाच्या तोंडावर नको, म्हणजे उपासनेचा ओघ तुटणार नाही.

वसईची वाडी

आणि त्या मुलाचं काय? त्याने हात पुढे केला होता.

मिशन कंपाउंड

त्याचाच विचार करतोय. पुढच्या नाताळला उपासना सुटल्यावर दारात टेबल मांडू. करंज्या, चकल्या, चहाची किटली, सगळ्यांसाठी, सभासद आणि पाहुणे एकाच रांगेत. महिला मंडळ तयार आहे, काल विचारलं. सावध, याला कोणी आमिष म्हणालं तर म्हणू दे, नाताळचा फराळ आम्ही गल्लीत घरोघरी वाटतो तो तरी काय आहे?

त्या बाई कुठे राहतात ते कळलेलं नाही. आमच्यातल्या शाळेच्या बाईंनी मुलाला ओळखल्यासारखं वाटतंय म्हणाल्या. मी शोधायला नको म्हटलं. आपणहून आले तर ओळखीन.

पेठेतली वाचक

बरं केलंत. चपलांची पाटी मात्र आत्ताच लावा, नाताळपर्यंत थांबू नका.