काकांचा गॅरार्ड, क्वाड आणि टॅनॉय विकायचेत, मला यातलं काहीच कळत नाही

स्नेहा_पुणे:
नमस्कार मंडळी. माझे काका मर्चंट नेव्हीत होते, मागच्या वर्षी गेले. आता काकूची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीये आणि दिवाळीच्या आत घर रिकामं करायचंय. काकांनी साठच्या दशकात लंडनहून आणलेली सिस्टीम बाहेरच्या खोलीत तशीच आहे, किमान १२ वर्षं कोणी लावलेली नाही. रेकॉर्ड प्लेअरवर गॅरार्ड ३०१ लिहिलंय, रंग क्रीम, त्याच्या दांडीवर एसएमई असं आहे. क्वाड नावाचे दोन छोटे पण भयंकर जड डबे आहेत वरती काचेच्या नळ्या असलेले, एक बटणांचा डबा आणि टॅनॉयचे दोन कपाटाएवढे स्पीकर. परवा जुनं सामान घेणारे एक जण येऊन बघून गेले, म्हणाले सगळ्याचे मिळून ३५ हजार देतो, आत्ता टेम्पो बोलावतो, हे आता चालणारं नाही. काकू विचार करते म्हणाली तर जाता जाता म्हणाले बरं मग नुसत्या त्या काचेच्या नळ्या द्या, ५ हजार देतो. काकूला पैशाची निकड नाहीये पण काका रोज संध्याकाळी मल्लिकार्जुन मन्सूर लावून बसायचे त्या समोर, ते असं टेम्पोत जाऊ नये एवढंच वाटतं. काय करू? पुसून, लावून बघून मग फोटो टाकू का?

व्हॉल्व्हवाला_ठाणे:
ताई, लावू नका आणि पुसूही नका!! आधी हे वाचा. ते क्वाडचे डबे म्हणजे अँप्लिफायर, आणि १२ वर्षं बंद असलेल्या अँप्लिफायरमधले कपॅसिटर (चार्ज साठवणारे भाग) सुकलेले असू शकतात, डायरेक्ट २३० व्होल्ट दिले तर ते फुटतात आणि जाताना ट्रान्सफॉर्मरला घेऊन जातात, आणि क्वाडची खरी किंमत त्या ट्रान्सफॉर्मरमध्येच आहे. जाणकार माणूस व्हेरिअ‍ॅक (व्होल्टेज हळूहळू वाढवायचं यंत्र) लावून चढवतो किंवा निदान सिरीज लॅम्पवर, म्हणजे मधे बल्ब जोडून करंट मर्यादित ठेवून, लावून बघतो. स्पीकर न जोडता तर व्हॉल्व्हचा, म्हणजे त्या काचेच्या नळ्यांचा, अँप कधीच चालू करायचा नाही. आणि आत हात घालू नका, प्लग काढलेला असला तरी चार्ज राहू शकतो.

आता त्या नळ्यांचं. तुमचे डबे क्वाड २ असणार, एक डबा एकाच चॅनलचा (डाव्या किंवा उजव्या स्पीकरचा) म्हणून दोन लागतात. प्रत्येकात दोन मोठ्या नळ्या असतात, केटी६६. त्यावर जीईसी छापलेलं असेल तर त्या ओरिजिनल ब्रिटिश, आणि चांगल्या अवस्थेतल्या अशा चार नळ्यांना जगभर गिऱ्हाईक आहे. त्या माणसाने ५ हजार नुसत्या नळ्यांचे का म्हटले ते लक्षात आलं ना? त्याला पक्कं माहिती होतं. काचेवरची अक्षरं कापडाने पुसली तरी निघून जातात आणि अक्षरं गेली की ती नळी कुठली हे सिद्ध करता येत नाही, म्हणून पुसू नका म्हटलं. आहे त्या धुळीसकट जवळून फोटो काढा, कुठली नळी कुठल्या खोबणीत होती तेही दिसलं पाहिजे. आणि आता कोणी बघायला आलं की तुम्ही खोलीतच थांबा.

रेकॉर्डवेडा:
गॅरार्ड ३०१ आणि ३५ हजारात सगळं? मला वाचून पोटात गोळा आला. हे इंग्लंडमधे स्विंडनला बनलेलं मशीन, १९६५ ला पुढचं मॉडेल ४०१ आलं तोवर हेच बनत होतं, आणि चांगल्या अवस्थेतलं नुसतं ३०१ परदेशात लाखाच्या वर जातं. आधीचे ग्रीस बेअरिंगचे (थाळी ज्यावर फिरते त्यात तेलाऐवजी ग्रीस) आणि राखाडी रंगाचे जास्त शोधतात लोक पण क्रीम ऑइल बेअरिंगवालाही हलका समजू नका. आपल्याकडे इंग्लंडसारखीच ५० हर्ट्झची वीज असल्याने मोटरची पुली पण बदलायला लागत नाही.

टॅनॉयचं मागे लेबल असेल तर त्याचा फोटो. आतल्या मॅग्नेटच्या कव्हरच्या रंगावरून त्यांची नावं पडलीत, ब्लॅक, सिल्व्हर, रेड, गोल्ड. १५ इंची असेल तर १२ इंचीपेक्षा भाव वर. दोन्हीचे सिरीयल नंबर लिहून ठेवा, जोडी फोडून एक स्पीकर कोणाला देऊ नका. आणि काकांची कपाटं, ड्रॉवर नीट बघा, छोट्या प्लास्टिकच्या डब्या सापडतील त्यात कार्ट्रिज (सुई ज्यात बसते तो दांडीच्या टोकाचा भाग) किंवा सुई असते, शुअर कंपनीने २०१८ ला कार्ट्रिज बनवणं बंद केलं त्यामुळे जुन्या ओरिजिनल सुईलाही मोल आहे. बिल, मॅन्युअल, खोकं काही मिळालं तर रद्दीत घालू नका.

भाव बघताना एक करा, ईबेवर लोक काय मागतायत ते बघू नका, कोणी काहीही मागतं. सोल्ड आयटम्सचा फिल्टर लावा म्हणजे खरंच कितीला गेलं ते दिसतं. तुमचं चेक केलेलं नाही म्हणून त्यापेक्षा कमी धरा, पण निदान आकडा हातात राहील.

मंदार_डोंबिवली:
माझा अनुभव सांगतो म्हणजे तुमच्या हातून तसं होऊ नये. बाबा गेल्यावर थॉरेन्सचा टर्नटेबल होता, मी आधी आर्म (सुईची दांडी) विकला, मग कार्ट्रिज, मग राहिलेल्या सांगाड्याला कोणी विचारेना. आजही त्याचं वाईट वाटतं. सगळं एकत्र दाखवा, एकत्र द्या.

कल्याणी_नाशिक:
ऑनलाइन जाहिरात टाकलीत तर फोन येईल, मी मिलिटरीत आहे, न बघता घेतो, क्यूआर पाठवतो स्कॅन करा म्हणजे पैसे येतील. पैसे यायला स्कॅन पण लागत नाही आणि पिन पण लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. माझ्या सासूबाईंचे गेलेत असे. आणि पत्ता जाहिरातीत नको.

स्नेहा_पुणे:
सगळ्यांचे खूप आभार, काकूला वाचून दाखवलं तर रडायलाच लागली. नळ्यांवर जीईसी आहे, चारही!! काकांच्या टेबलात शुअरची डबी आणि लंडनच्या दुकानाचं बिल पण मिळालं. त्या गृहस्थांना नाही म्हणून कळवलंय. व्हॉल्व्हवाला दादा, तुम्ही पुण्याला येऊन एकदा बघाल का, येण्याजाण्याचा आणि तपासायचा खर्च देऊ. हलवावं लागलंच तर प्लेअर कसा हलवायचा?

व्हॉल्व्हवाला_ठाणे:
पुढच्या रविवारी येतो ताई, सिरीज लॅम्प घेऊनच येतो. तोवर हलवू नका, हलवायचाच झाला तर वरची जड थाळी उचलून वेगळी गुंडाळा, आर्मच्या मागचं वजन काढून ठेवा, आर्म दोऱ्याने बांधा आणि सुईला हात लागू देऊ नका. आणि मन्सूरांची एखादी रेकॉर्ड बाजूला काढून ठेवा, सगळं नीट निघालं तर काकूंना आधी तीच ऐकवू.